कार्बोनिलच्या शेजारी कोण बसलंय? (कार्बोक्सिलिक आम्लं, मेद आणि अमिनो आम्लं)

बकपात्र

कार्बनी रसायनशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत कार्बोक्सिलिक आम्लांचं प्रकरण मध्यावर कुठेतरी येतं. मेद आणि अमिनो आम्लं मात्र पार शेवटी, 'जैवरेणू' या मथळ्याखाली घाईघाईत उरकलेली असतात. तोवर आधीचं प्रकरण डोक्यातून पुसलं गेलेलं असतं आणि मग मेद, साबण, प्रथिनं हे सगळं वेगवेगळं पाठ करण्याची वेळ येते. खरं तर तिन्हीकडे कारभार एकाच गटाचा आहे. म्हणून हा धागा.

गट साधा आहे. एक कार्बन, त्याला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन (या जोडीला कार्बोनिल म्हणतात) आणि त्याच कार्बनवर एक ओएच. झाला कार्बोक्सिल गट, सीओओएच. आता कार्बोनिल तसाच ठेवून शेजारच्या ओएचच्या जागी दुसरं कोणी बसवलं की पदार्थाचं कुळ बदलतं. ओएच असेल तर आम्ल. अल्कोहोलचा ऑक्सिजन येऊन बसला तर एस्टर, आणि मेद म्हणजे एस्टरच. नायट्रोजन बसला तर अमाइड, आणि प्रथिनांची साखळी म्हणजे ओळीने जोडलेली अमाइडं. पुढचं सगळं या शेजाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून आहे.

आधी आम्लपणा. इथेनॉललाही ओएच आहे आणि ॲसेटिक आम्लालाही. पण इथेनॉलचा पीकेए १६च्या आसपास, तर ॲसेटिक आम्लाचा ४.७६. पीकेए जितका कमी तितकं आम्ल तीव्र, आणि दर एका अंकामागे दसपट फरक, म्हणजे इथे ११ अंकांच्या आसपास फरक पडला. इतका का? ओएचमधला हायड्रोजन प्रोटॉन म्हणून निघून गेला की मागे ऋणप्रभार उरतो. इथेनॉलमध्ये तो बिचारा एकाच ऑक्सिजनवर अडकून पडतो. कार्बोक्सिलेट आयनात मात्र तो दोन्ही ऑक्सिजनवर सारखा वाटला जातो. ही नुसती कागदावरची रेघोटी नव्हे, मोजता येणारी गोष्ट आहे. आम्लाच्या रेणूत कार्बन-ऑक्सिजनचे दोन बंध वेगवेगळ्या लांबीचे असतात, एक आखूड दुहेरी आणि एक लांब एकेरी. आयन झाला की दोन्ही सारखे होतात, १.२६ अँगस्ट्रॉमच्या आसपास (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). 'हा दुहेरी, तो एकेरी' असा भेदच उरत नाही.

तरीही ही आम्लं सौम्यच. ॲसेटिक आम्लाच्या ०.१ मोलर द्रावणात शंभरातला जेमतेम सव्वा रेणू प्रोटॉन सोडतो, बाकीचे अखंड फिरत असतात. पीएच २.९. तेवढ्याच तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच १.

हा आम्लपणा शेजारपाजाऱ्यांना हाताशी धरून वाढवताही येतो. ॲसेटिक आम्लाच्या मिथिल गटातला एक हायड्रोजन काढून क्लोरीन बसवा, पीकेए २.८६ वर येतो. तिन्ही बदला, ०.६६. क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे आयनावरचा ऋणप्रभार आणखी पसरतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, अमिनो आम्लांपाशी तो परत लागणार आहे.

दुसरा गुण हायड्रोजन बंधाचा. कार्बोक्सिल गटात हायड्रोजन देणाराही आहे आणि घेणाराही. त्यामुळे दोन रेणू समोरासमोर येऊन दोन हायड्रोजन बंधांनी जुळतात आणि जोडीने वावरतात. ॲसेटिक आम्ल आणि प्रोपेनॉल यांचे रेणूभार सारखेच आहेत, ६०. पण प्रोपेनॉल ९७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि ॲसेटिक आम्ल ११८ला. शुद्ध ॲसेटिक आम्ल १६.६ अंशांखाली गोठतं, म्हणून थंडीत बाटलीत बर्फासारखे खडे दिसतात.

साखळी वाढवत नेली की कार्बोक्सिलचा पाण्याशी असलेला स्नेह कमी पडू लागतो. चार कार्बनांच्या ब्युटिरिक आम्लापर्यंत रेणू पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतो. सहा कार्बनांना अडखळतो, बारा-सोळाला तर वरच तरंगतो. इथून पुढे आपण 'मेदाम्ल' म्हणायला लागतो. गट तोच, पीकेएही जवळपास तोच. फक्त मागे लांबलचक हायड्रोकार्बनची शेपटी.

तीन मेदाम्लं आणि तीन ओएच असलेलं ग्लिसरॉल यांचा एस्टर म्हणजे ट्रायग्लिसराइड, आपला नेहमीचा मेद. दर एस्टर बंधामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, म्हणजे एकूण तीन. मेद म्हणजे ग्लिसरॉल आणि आम्लं, हे शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने १८२३ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलं. तेव्हा कार्बन चार बंध करतो हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं! रेणूची रचना कागदावर काढण्याची सोय नसताना या माणसाने साबण आम्लाने फोडून, सुटलेली आम्लं वेगळी करून, त्यांचे द्रवणांक मोजून हे हुडकलं. ब्युटिरिक आम्ल त्यानेच लोण्यातून काढलं. (हा माणूस वयाच्या १०२ वर्षांपर्यंत जगला. असो.)

आता द्रवणांक, माझा आवडता भाग. १८ कार्बनांची मेदाम्लं घेऊ. स्टिअरिक आम्लात एकही दुहेरी बंध नाही, ते सुमारे ६९ अंशांना वितळतं. ओलिइक आम्लात मधोमध एक दुहेरी बंध, तोही सिस (साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला; विरुद्ध बाजूंना असले तर ट्रान्स), आणि द्रवणांक थेट १३-१४वर. लिनोलेइकमध्ये असे दोन, उणे ५. लिनोलेनिकमध्ये तीन, उणे ११. कार्बन तेवढेच, वजनात नगण्य फरक. घडतं ते सगळं आकारामुळे. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्या फांद्यांची बांधता येत नाही. सिस बंधापाशी साखळीला कोन पडतो, शेजारच्या साखळीला चिकटून बसता येत नाही, आणि साखळ्यांमधलं क्षीण आकर्षण आणखी तोकडं पडतं. गंमत म्हणजे ओलिइकचाच दुहेरी बंध सिसचा ट्रान्स केला की साखळी जवळपास सरळ होते आणि द्रवणांक ४५च्या आसपास चढतो. अणू तेच, बंध तितकेच. तेल द्रव का आणि चरबी घट्ट का, याचं निम्मंअधिक उत्तर इथेच आहे.

राहिली अमिनो आम्लं. एकाच कार्बनवर कार्बोक्सिल आणि अमिनो गट, म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकाच रेणूत. मग ते एकमेकांना सोडतील कसे? प्रोटॉन इकडून तिकडे जातो. कार्बोक्सिल ऋण, अमिनो धन, रेणू एकूण उदासीन. पुस्तकात एनएच२ आणि सीओओएच असं सुटसुटीत काढतात तसा रेणू पाण्यात लाखांत एखादाच सापडेल. पुरावा हवा असेल तर ग्लायसीन (रेणूभार ७५) आणि प्रोपिऑनिक आम्ल (७४) शेजारी ठेवा. प्रोपिऑनिक आम्ल उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहतं. ग्लायसीन म्हणजे मिठासारखे पांढरे स्फटिक, २३० अंशांपुढे तापवलं तर धड वितळतही नाही, विघटनच होतं. पाण्यात छान विरघळतं, ईथरमध्ये नाही. सगळी लक्षणं आयनी क्षाराची.

दोन अमिनो आम्लं जोडली की पेप्टाइड बंध, म्हणजे अमाइड. त्याबद्दल प्रतिसादांत बोलू, लेख लांबला.

सांजवेळ

वाचतेय. लोण्याचं आणि द्रवणांकाचं विशेष आवडलं.

एक शंका. एस्टर होताना पाणी बाहेर पडतं म्हणता, तर त्या पाण्यातला ऑक्सिजन आम्लाचा की अल्कोहोलचा? दोघांकडे ओएच आहे. कुणाचाही गेला तरी हिशेब जुळतो.

त्रिकोण

सांजवेळ, फार नेमका प्रश्न विचारलात. हिशेबाने खरंच कळत नाही, त्यासाठी ऑक्सिजनवर खूण करावी लागते. रॉबर्ट्स आणि युरी यांनी १९३८ मध्ये तेच केलं. जड ऑक्सिजन (ऑक्सिजन-१८) असलेलं मिथेनॉल घेऊन बेंझोइक आम्लाशी अभिक्रिया घडवली. जड ऑक्सिजन एस्टरमध्ये सापडला, पाण्यात नाही. म्हणजे ओएच गेला तो आम्लाचा. अल्कोहोल आपल्या ऑक्सिजनसकट येऊन कार्बोनिलच्या शेजारी बसतं. धाग्याच्या शीर्षकाशी अगदी जुळणारी गोष्ट.

युरी म्हणजे जड हायड्रोजन शोधणारे, १९३४चे नोबेल विजेते. समस्थानिकांचं त्यांना वेडच होतं.

बकपात्र, एक मतभेद नोंदवतो. कार्बोक्सिलिक आम्लाच्या आम्लपणाचं सगळं श्रेय तुम्ही ऋणप्रभार वाटला जाण्याला दिलंत. पुस्तकांत तसंच असतं, पण १९८६ मध्ये सिगेल आणि थॉमस यांनी त्याला जोरदार आव्हान दिलं होतं. त्यांचं म्हणणं, प्रोटॉन जाण्यापूर्वीच, म्हणजे उदासीन रेणूतच, कार्बोनिलचा कार्बन इतका धनप्रभारी असतो की शेजारच्या ओएचमधला प्रोटॉन आधीपासूनच अस्वस्थ असतो. आयन स्थिर होण्यापेक्षा ही सुरुवातीची स्थिती जास्त महत्त्वाची. त्यावर पुढे बरीच भवती न भवती झाली. दोन्ही परिणाम खरे आहेत, वाटा कुणाचा किती एवढाच वाद.

बकपात्र

त्रिकोणसर, वाद माहीत आहे. पण मी पहिल्यांदा शिकवताना प्रभार वाटपापासूनच सुरुवात करीन. बंधांची लांबी सारखी होणं ही गोष्ट दाखवता येते, उदासीन रेणूतली अस्वस्थता सांगावी लागते. शिवाय अमाइडकडे वळताना पुन्हा हेच वाटप कामी येतं.

उगाचच

लेख झकास. आता माझे उगाचचे प्रश्न.

१. व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. तेही कार्बोक्सिलिकच ना?
२. मेदाम्ल जर आम्ल आहे तर तेल आंबट का लागत नाही?
३. अमिनो आम्लातला कार्बोक्सिल हा ॲसेटिक आम्लापेक्षा तीव्र की सौम्य?

बकपात्र

उगाचच, प्रश्न अजिबात उगाच नाहीत.

व्हिटॅमिन सीमध्ये सुटा कार्बोक्सिल गट नाही! तिथे कार्बोनिल आहे, पण तो वलयाच्या आत एस्टर होऊन बसलाय. प्रोटॉन सुटतो तो वलयातल्या दुहेरी बंधावर असलेल्या एका ओएचचा. पण नीट पाहिलं तर तो ओएच आणि कार्बोनिल यांच्यामध्ये फक्त एक दुहेरी बंध सरकवलेला आहे, त्यामुळे प्रोटॉन गेल्यावर ऋणप्रभार त्या बंधातून पार कार्बोनिलच्या ऑक्सिजनपर्यंत पोचतो. कार्बोक्सिलचीच युक्ती, जरा लांबून. पीकेए ४.२, म्हणजे ॲसेटिक आम्लापेक्षाही थोडं तीव्र.

तेलातल्या मेदाम्लांचे कार्बोक्सिल एस्टरमध्ये अडकलेले असतात, त्यांच्याकडे सोडायला प्रोटॉनच नाही. आणि सुटं मेदाम्ल असलं तरी लांब साखळीचं असेल तर ते पाण्यात, पर्यायाने लाळेत उतरतच नाही. जिभेला आंबट लागायला प्रोटॉन पाण्यात यायला हवा.

तिसरा प्रश्न सगळ्यात छान. ग्लायसीनच्या कार्बोक्सिलचा पीकेए २.३४, म्हणजे ॲसेटिक आम्लापेक्षा अडीचशे पटींहून अधिक तीव्र. कारण शेजारी धनप्रभारी एनएच३ बसलाय. लेखात क्लोरीनचं सांगितलं होतं, तोच प्रकार. प्रोटॉन गेला आणि कार्बोक्सिलेट झालं तरी धनप्रभारी एनएच३ आपला प्रोटॉन सोडत नाही, त्याचा पीकेए ९.६०. २.३४ आणि ९.६०ची सरासरी काढा, ५.९७. या पीएचला ग्लायसीनवरचा निव्वळ प्रभार शून्य. विद्युतक्षेत्रात ठेवलं तरी ते कुठल्याच टोकाकडे सरकत नाही. प्रथिनांनाही असा एकेक बिंदू असतो आणि तिथे ती पाण्यातून सहज साका होऊन खाली बसतात, कारण रेणूंना एकमेकांपासून दूर ठेवणारा प्रभारच उरत नाही. दुधातल्या केसीनचा हा बिंदू ४.६. दूध आंबून पीएच तिथवर उतरला की ते फाटतं.

घोटीव

मेद, साबण वगैरे शाळेत पाठ केलं होतं, पण साबणाला पाण्यात विरघळायला कोण भाग पाडतं ते आज पहिल्यांदा नीट डोक्यात शिरतंय. म्हणजे साबण करताना अल्काने मेदातला एस्टर तोडला की कार्बोक्सिल मोकळा, आणि तो अल्कात असल्यामुळे लगेच आयन. बरोबर ना?

त्रिकोण

बरोबर. आणि तो आयन होतो म्हणूनच अभिक्रिया शेवटपर्यंत जाते. एस्टरचं आम्लात जलअपघटन (पाण्याने तोडणं) केलं तर ते समतोलावर अडतं. तयार झालेलं आम्ल आणि अल्कोहोल परत जुळू शकतात. सोडियम हायड्रॉक्साइड वापरलं की आम्लाचं कार्बोक्सिलेट होतं, त्याच्यावर आता ऋणप्रभार आहे आणि अल्कोहोल त्याच्याशी जोडलं जात नाही. परतीचा दरवाजा बंद.

हिशेब हवा असेल तर: ट्रायस्टिअरिनचा (तीन स्टिअरिक आम्लांच्या मेदाचा) रेणूभार ८९१, त्याला सोडियम हायड्रॉक्साइडचे तीन रेणू म्हणजे १२० लागतात. १०० ग्रॅम मेदाला साडेतेरा ग्रॅम. मेदाम्लांच्या साखळ्या जितक्या आखूड, तितक्याच वजनात रेणू जास्त, म्हणून अल्कही जास्त लागतं.

साबणाच्या द्रावणात आम्ल ओतलं तर उलटा प्रवास दिसतो. कार्बोक्सिलेटला प्रोटॉन परत मिळतो, मेदाम्ल तयार होतं, पांढरा थर वर येतो. जड पाण्यात कॅल्शियम हेच काम वेगळ्या तऱ्हेने करतो, दोन साखळ्यांना धरून न विरघळणारा क्षार बनवतो. फेस न होण्याचं कारण तेच.

रिकामटेकडा

माझा एक आक्षेप आहे. 'ओएच काढा, नायट्रोजन बसवा, अमाइड तयार' हे ऐकायला सोपं, पण ॲसेटिक आम्लात अमोनिया किंवा कुठलंही अमाइन ओतलं तर अमाइड मिळतं का? नाही. मिळतो तो क्षार. आम्ल-आम्लारीची अभिक्रिया आधी उरकते. मग पेशीत प्रथिनं होतात कशी? तिथे तर पाणीच पाणी आणि पीएच सातच्या आसपास.

बकपात्र

याच प्रश्नाची वाट पाहत होतो.

कार्बोक्सिलेट झालं की कार्बोनिलचा कार्बन हल्ल्याला दाद देत नाही, आणि अमाइनचं अमोनियम झालं की त्याच्याकडे हल्ला करायला इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडीच उरत नाही. दोघेही एकमेकांना निकामी करतात. प्रयोगशाळेत त्या क्षाराला भरपूर तापवून पाणी हाकलावं लागतं, किंवा मग आधी ओएचच्या जागी चटकन निघून जाणारा कुणीतरी बसवावा लागतो. क्लोरीन बसवलात तर आम्ल क्लोराइड मिळतं, ते अमाइनशी क्षणात भिडतं. क्लोराइड सगळ्यात उतावीळ, मग आम्ल ॲनहायड्राइड, मग गंधकाचा थायोएस्टर, मग साधा एस्टर, मग अमाइड, आणि सगळ्यांत सुस्त कार्बोक्सिलेट. या उतरंडीवरून खाली येणं सोपं, वर चढायला ऊर्जा मोजावी लागते.

पेशी क्लोराइड वापरू शकत नाही, पण उतरंड तीच वापरते. अमिनो आम्लाच्या कार्बोक्सिलला आधी एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) फॉस्फेट जोडला जातो. हा एक प्रकारचा ॲनहायड्राइड. मग ते वाहक आरएनएच्या (अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या रेणूच्या) टोकावरच्या ओएचशी जोडलं जातं, म्हणजे एस्टर! शेवटी रायबोसोममध्ये (पेशीतल्या प्रथिनं बांधणाऱ्या यंत्रणेत) पुढच्या अमिनो आम्लाचा नायट्रोजन त्या एस्टरवर हल्ला करतो आणि अमाइड तयार होतं. म्हणजे प्रत्येक पेप्टाइड बंध होण्याआधी तिथे एक एस्टर होता, ज्या बंधाने मेद बांधलेला असतो तोच. पायरीपायरीने उतरण, आणि वर चढवण्याचा खर्च एटीपीने आधीच चुकता केलेला.

आणि एकदा अमाइड झालं की ते भलतंच टिकाऊ. नायट्रोजनची मोकळी जोडी कार्बोनिलकडे झुकलेली असते, कार्बन-नायट्रोजन बंधाला अर्धवट दुहेरीपणा येतो. साध्या अमाइनमध्ये तो बंध १.४७ अँगस्ट्रॉमचा, पेप्टाइडमध्ये १.३३. तो सहजी फिरत नाही, त्यामुळे भोवतीचे सहा अणू एका प्रतलात राहतात. प्रथिनाच्या घड्या कशा पडणार हे बरंचसं या ताठपणामुळे ठरतं. आणि जोडी गुंतलेली असल्यामुळे हा नायट्रोजन आम्लारीही राहत नाही. उत्प्रेरकाशिवाय, साध्या तापमानाला, उदासीन पाण्यात पेप्टाइड बंध आपणहून तुटायला शेकडो वर्षं लागतात. जठरातलं आम्लसुद्धा एकट्याने हे काम वेळेत करू शकत नाही. ते प्रथिनाची घडी उलगडतं, बंध कापायला पेप्सिन हे विकर लागतं.

पेशीबाई

मी जैवरसायनवाली, त्यामुळे राहवत नाही. निसर्गातल्या बहुतेक मेदाम्लांत कार्बन सम संख्येने का असतात, हे कुणीच विचारलं नाही. १२, १४, १६, १८.

कारण ती दोन-दोन कार्बनांच्या तुकड्यांनी बांधली जातात आणि तशीच तोडली जातात. तोडण्याची रीत क्नूप यांनी १९०४ मध्ये शोधली, तेही किरणोत्सारी खुणा वगैरे काही नसताना. मेदाम्लाच्या शेपटीला त्यांनी बेंझिनचं वलय लावलं. शरीराला ते वलय मोडता येत नाही, म्हणजे ते लेबलसारखं शेवटपर्यंत टिकणार. अशी मेदाम्लं कुत्र्यांना खाऊ घातली आणि मूत्र तपासलं. साखळीत कार्बन सम असतील तर दर वेळी फेनिलॲसेटिक आम्ल मिळालं, विषम असतील तर बेंझोइक आम्ल (दोन्ही ग्लायसीनला जोडलेली, तेही अमाइड बंधाने!). साखळी कितीही लांब असो, शेवट दोनांतलाच एक. म्हणजे दर खेपेला दोनच कार्बन कापले जातात. इतका स्वच्छ प्रयोग क्वचित बघायला मिळतो.

आणि हे कापणं सुरू होण्याआधी काय होतं? कार्बोक्सिलला सहविकर-ए (कोएन्झाइम ए) या मदतनीस रेणूचा गंधक जोडला जातो, वर बकपात्र म्हणाले तो थायोएस्टर. पामिटिक आम्लाचे १६ कार्बन, सात वेळा कापलं की दोन-दोन कार्बनांचे आठ तुकडे.

सांजवेळ

पेशीबाई, हे भारीच! मग एका ग्रॅम मेदातून ९ किलोकॅलरी आणि कर्बोदकातून ४च, याचाही संबंध या साखळीशीच का?

पेशीबाई

हो. मेदाम्लाच्या साखळीत जवळजवळ प्रत्येक कार्बनवर फक्त हायड्रोजन आहेत. कर्बोदकात जवळपास प्रत्येक कार्बनवर ऑक्सिजन आधीच बसलेला, म्हणजे तो अर्धा जळून गेलेलाच समजा. शिवाय ग्लायकोजेन (शरीरातला कर्बोदकाचा साठा) साठवायचं तर त्याच्यासोबत बरंच पाणीही सांभाळावं लागतं. मेद कोरडाच साठतो.

उगाचच

ट्रान्स मेदावर कुणीतरी लिहा. दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवला तर ते नाहीसे व्हायला हवेत. ट्रान्स येतात कुठून?

त्रिकोण

पूर्ण चढवला तर नाहीसेच होतात आणि ट्रान्सही उरत नाही. घोटाळा अर्धवट हायड्रोजनीकरणात आहे. निकेलच्या पृष्ठभागावर दुहेरी बंधाच्या एका कार्बनला हायड्रोजन जोडला गेला की मधला बंध तात्पुरता एकेरी होतो, आणि एकेरी बंध फिरू शकतो. दुसरा हायड्रोजन वेळेत मिळाला नाही तर पहिलाच परत निघून जातो आणि दुहेरी बंध पुन्हा होतो. या खेपेस मात्र ट्रान्स होण्याचीच शक्यता जास्त, कारण ती मांडणी अधिक स्थिर. वनस्पतींची विकरं बहुतेक सिस बंधच करतात, निकेलला त्याचं सोयरसुतक नाही.

निकेल उत्प्रेरकाचं श्रेय साबातिए यांचं, १९१२चं नोबेल. पण द्रव तेलावर ही क्रिया करण्याचं पेटंट नॉर्मन या जर्मन रसायनज्ञाने १९०२ मध्येच घेतलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कारखान्यात तयार होणारा ट्रान्स मेद २०२३ पर्यंत जगभरातून हटवण्याचं आवाहन केलं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणूही थोडा ट्रान्स मेद बनवतात, तो त्यांच्या दुधात उतरतो. त्याचं प्रमाण कमी असतं.

घोटीव

आणि तेल खवट होतं ते? तेही हायड्रोजनच का?

बकपात्र

तिथे दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात. लोणी खवट होतं तेव्हा बरेचदा एस्टर तुटून ब्युटिरिक आम्ल मोकळं होतं. चार कार्बनांचं, हलकं, उडून नाकापर्यंत येणारं. स्टिअरिक आम्ल मोकळं झालं तर नाकाला पत्ताही लागत नाही. असंपृक्त (दुहेरी बंध असलेल्या) तेलात मात्र ऑक्सिजनचा हल्ला होतो, तोही दुहेरी बंधावर थेट नाही. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये जो कार्बन सापडतो त्याचा हायड्रोजन सहज निघतो, कारण मागे उरणारं मूलक (एकट्या इलेक्ट्रॉनाचा तुकडा) दोन्ही बाजूंना पसरतं. तिथे ऑक्सिजन बसतो, पेरॉक्साइड होतं, साखळी तुटून आखूड अल्डिहाइडं सुटतात आणि वास येतो. ओलिइकमध्ये असा मधला कार्बनच नाही, लिनोलेइकमध्ये एक, लिनोलेनिकमध्ये दोन. म्हणून जवसाचं तेल ऑलिव्ह तेलाच्या कितीतरी आधी बिघडतं, आणि म्हणूनच रंगात मिसळलं की वाळून कडकही होतं.

रिकामटेकडा

जाता जाता: ॲस्पिरिनची जुनी बाटली उघडली की व्हिनेगरचा वास येतो, तोही यातलाच प्रकार ना?

बकपात्र

अगदी. ॲस्पिरिनमध्ये दोन्ही आहेत, एक सुटा कार्बोक्सिल (पीकेए ३.५) आणि शेजारीच एक एस्टर. ओलावा शिरला की एस्टर तुटतो, सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल होतं. वास दुसऱ्याचा. आणि इथे एस्टर जास्त लवकर तुटतो, कारण शेजारचं कार्बोक्सिलेट पाण्याच्या रेणूला हल्ल्यासाठी मदत करतं. असा वास येत असेल तर ती गोळी घेऊ नका.